गाठ अर्धी असताना गाणं बंद केलंत

मंडळींनो, आज दुपारी बेसिंगस्टोकच्या हॉलमध्ये, आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, आपण जे केलं त्याची मला लाज वाटते.

लुपेबाई इथे इंग्लंडमध्ये मुलांना मेक्सिकोची लोकनृत्यं शिकवतात. आपणच बोलावलं म्हणून त्या मुलांना घेऊन नाच करायला आल्या होत्या. त्यांच्या एका नाचात नवरा-नवरी जमिनीवरच्या लाल फितीची गाठ फक्त पायांनी बांधतात. गाठ बसली की लग्न लागलं.

गाठ अर्धी झाली आणि आपल्या सुमितने गाणं बंद केलं. "सॉरी, जेवण रेडी आहे!" निम्मा हॉल प्लेट घ्यायला उठला.

मी त्याला विचारलं, "तुझ्या लग्नात मंगलाष्टकं मध्येच तोडून पंगत बसवली होती का रे?"

"काकू, चिल! कोणाला कळतंय?"

मला कळत होतं. आमचे हे गेल्यापासून गाठ म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको.

लुपेबाईंनी मुलांना खूण केली. गाण्याशिवाय, नुसत्या टाचांच्या ठेक्यावर त्यांनी गाठ पुरी केली. मी माफी मागायला गेले, तर म्हणाल्या, "सवय आहे आम्हाला."

ही सवय त्यांना कोणी लावली? उत्तर लिहा. हात जोडलेले इमोजी नकोत.