कोरडी चड्डी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा.

हुणसूरची ती बाई माझ्या म्हैसूरच्या दवाखान्यात बसलीच नाही. कडेवरच्या मुलीच्या सुजलेल्या पापण्यांवरून अंगठा फिरवत उभी राहिली. मुलीचे रक्ताचे जुलाब नुकतेच थांबले होते, चेहरा मात्र पांढराफटक. "उच्चे निंतोगिदे, डाक्ट्रे," ती म्हणाली. मला वाटलं, उचकी थांबली. "ओळ्ळेदु," म्हटलं, चांगलं झालं. तिनं मुलीची कोरडी चड्डी टेबलावर आपटली. मी हसून ती परत दिली आणि दोघींना घरी पाठवलं.

उच्चे म्हणजे लघवी. भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं कानडी शिकलो, एवढा शब्द नाही! रक्ताच्या जुलाबांमागून लघवी बंद होते तो आजार, हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, परीक्षेत घडाघडा म्हटला होता.

पुढे मोठ्या इस्पितळात कळलं, तांबड्या पेशी फुटल्यात, मूत्रपिंडं बंद पडलीत. मुलीला तिथं नेल्याचं आणि त्या शब्दाचा अर्थ, दोन्ही कळल्यावर मीही धावत गेलो होतो. तिथला डॉक्टर तिच्यावर ओरडला, "इतका उशीर? कसली आई तू?"

तिनं माझ्याकडे बोट केलं. "इवरिगे हेळिद्दे." यांना सांगितलं होतं.

"नाही सांगितलं," मी म्हणालो.

मुलगी अजून डायलिसिसवर आहे. तिच्या आईनं वेळेवर सांगितलं होतं, हे त्या डॉक्टरला तिच्यासमोर सांगणं मी अजून देणं लागतो.