कवळीवाल्यांची गाडी

कवळीवाल्यांना बायकोनं घराबाहेर काढलंय आणि ते बिचारे गाडीखाली झोपतात, ही बातमी आमच्या गल्लीत दुधाच्या आधी पोचली. पुरावा भक्कम होता. अंगणातल्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले, पायांत घरातल्या सपाता, आणि गाडीच्या पोटाखाली चक्क एक उशी. उशी दिसल्यावर आणखी काय हवं? समोरच्या इस्त्रीवाल्यानं भांडणाचं कारणसुद्धा ठरवून टाकलं होतं, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुपारपर्यंत खरं काय ते कळलं आणि सगळ्यांचा हिरमोड झाला. उशी मानेखाली घ्यायला होती, झोपायला नव्हे. आणि घराबाहेर काढणारी ती बायको गाडीपलीकडे उकिडवी बसून नवऱ्याला टॉर्च धरत होती. नवरा खालून ओरडत होता, "अगं, इकडे धर, इकडे!" आणि ती म्हणत होती, "इकडेच धरलाय हो!"

कवळीवाल्यांचा धंदा नावातच आला. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन प्लास्टरचा साचा पाठवायचे आणि हे घरामागच्या खोलीत बसून त्यावर दात बसवायचे. खोलीभर प्लास्टरची भुकटी, गुलाबी मेणाचा वास, आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीनं मांडलेले जबडे. नवा माणूस आत गेला की सगळी फळी आपल्याला हसतेय असं त्याला वाटायचं. हात सोन्याचा, पण स्वभाव गोगलगाईचा. वरचा दात खालच्या दाताला नीट टेकतो की नाही हे बघायला ते मध्ये निळा कागद धरत. जिथं टेकेल तिथं निळा ठिपका उठायचा. सगळीकडे सारखा ठिपका उठेपर्यंत कवळी खोलीबाहेर जायची नाही. "बोलताना टिकटिक वाजली, की कवळी घालणाऱ्याची नाही, बनवणाऱ्याची लाज जाते," असं ते म्हणत.

या हट्टापायी एकदा फार वाईट झालं होतं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची कवळी ते घासत बसले, घासत बसले. म्हातारा पातळ पेजेवर दिवस काढत होता, निरोपावर निरोप पाठवत होता. कवळी शेवटी अशी बसली, की हिऱ्यानं कोंदणात बसावं. पण तोवर म्हातारा गेला. मुलगा म्हणाला, "आता मी हिचं काय करू?" ती कवळी तेव्हापासून फळीच्या टोकाला पडून आहे. गल्लीत आम्ही म्हणायचो, कवळीवाल्यांकडे दात करायला टाकणार असाल तर आधी मृत्युपत्र करून या. ते ऐकायचे आणि पुढचा दात घासायला घ्यायचे.

आता या माणसानं गाडी का घेतली, तर बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, डोळ्यांसाठी. वहिनींना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते परत येणार नाही आणि उरलंय ते थेंबाथेंबानं जाणार, औषधानं फार तर वेग कमी होईल. दवाखान्यातून वहिनी घरी आल्या आणि दाराचं कुलूप काढताना एवढंच म्हणाल्या, "ताईचं तोंड एकदा नीट बघून घ्यायला हवं."

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. आई लवकर गेल्यामुळे हिनंच वहिनींना लहानाचं मोठं केलेलं. राहायची घाटापलीकडे, आणि कंबरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. तिला इकडे आणणं शक्य नव्हतं, आणि वहिनींना बस लागायची. अशी तशी नव्हे, बस सुरू व्हायच्या आधीच नुसत्या वासानं लागायची. एकदा त्या अर्ध्या घाटात उतरून चालत परत निघाल्या होत्या.

म्हणून कवळीवाल्यांनी गाडी घेतली. जुनी, दुसऱ्याकडची, रंग उडालेल्या बादलीसारखी. जन्मात सायकलीपलीकडे काही चालवलं नव्हतं, पण शिकले. शिकताना इस्त्रीवाल्याच्या ओट्याची एक कड गेली. ती अजून तशीच आहे आणि तो ती पाहुण्यांना दाखवतो.

पण जुन्या गाडीवर घाटात भरवसा कसा ठेवायचा? नाक्यावरच्या गॅरेजवाल्या मामांनी त्यावर तोड काढली. मामा दर रविवारी सकाळी नव्या गाडीवाल्यांची शाळा भरवायचे. एक शिक्षिका, एक बँकेतला कारकून, दोघं नवराबायको, आणि आमचे कवळीवाले. इंजिनचं तेल कसं बघायचं, प्लग काढून कसा घासायचा, चाक कसं बदलायचं, रेडिएटर तापलेला असताना झाकण का उघडायचं नाही. मामांचा एकच नियम होता. "मी ज्याला हात लावून दाखवला नाही, त्याला तुम्हीही लावायचा नाही. डॉक्टरच्या दारात बसून कुणी डॉक्टर होत नाही."

बाकीचे चाक बदलायला शिकून खूश झाले. कवळीवाल्यांना मात्र गाडी चढली. भांग चढावी तशी. पहिल्यांदा प्लग स्वच्छ करून लावला आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. मी फोटो पाहिलाय. मग दात मागे पडले आणि पाने-स्क्रूड्रायव्हर पुढे आले. कुणी "काय, कसं काय?" विचारलं, की ते हवेच्या फिल्टरपासून सुरुवात करत. लोक त्यांना बघून रस्ता ओलांडायला लागले. वहिनी हसून म्हणायच्या, "आमच्याकडे आता सवत आलीय. बरी आहे हो, जेवायला मागत नाही."

ताईकडे जायचं दर आठवड्याला ठरायचं आणि दर आठवड्याला काहीतरी निघायचं. कधी ब्रेकचं तेल बदलायचं, कधी पट्ट्याला भेग दिसली, कधी दिवा थोडा वाकडा बघतोय. ताईच्या मुलाचा फोन यायचा.

"काका, मी गाडी घेऊन येतो ना. सकाळी नेतो, संध्याकाळी आणून सोडतो."

"घरात गाडी उभी असताना दुसऱ्याच्या गाडीतून? लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे आम्ही. आम्ही जे म्हणायचं ते तसंही म्हणतच होतो. वहिनी फोन हातात घेऊन भाच्याला सांगायच्या, "येऊ रे आम्ही. एवढं हौसेनं करतायत, त्यांच्याच गाडीतून येऊ."

एका सकाळी ते पुन्हा गाडीखाली होते आणि वहिनी टॉर्च धरून होत्या. त्यांनी नेहमीप्रमाणे खालून आवाज दिला, "अगं, डावीकडे." उजेड डावीकडे आला, पण गाडीवर नाही. तो शेजारच्या भिंतीवर पडला होता आणि तिथंच स्थिर राहिला. ते सरकत बाहेर आले. वहिनी भिंतीकडे टॉर्च धरून, मान गाडीकडे करून, अगदी मन लावून बसल्या होत्या.

"दिसतंय ना आता?" वहिनींनी विचारलं.

"दिसतंय," ते म्हणाले. आणि पुन्हा खाली गेले. त्या दिवशी गाडीखालून बराच वेळ पान्याचा आवाज आला नाही.

मग मात्र त्यांनी दिवस नक्की केला. सगळं झालं होतं, फक्त एक गोष्ट त्यांच्या जिवाला लागून राहिली होती. गाडी सुरू असताना इंजिनातून बारीक टिकटिक यायची. मामा म्हणाले होते, जुन्या इंजिनात एवढी असायचीच, तिकडे बघू नका. पण ज्यांनी आयुष्यभर टिकटिकीला लाज मानली त्यांनी बघायचं नाही म्हणजे काय? त्यात वहिनींचे डोळे जात चालले तसे कान तिखट झालेले. त्या सहज म्हणाल्या, "वाजतंय हो अजून. एखाद्याची कवळी सैल असावी तसं."

झालं. कवळीवाल्यांनी इंजिनावरचं झाकण काढलं. आत व्हॉल्व्ह ढकलणारे छोटे हातोडे होते, आणि प्रत्येक हातोड्याच्या आणि व्हॉल्व्हच्या मध्ये कागदाएवढी फट. हातोडा त्या फटीतून येऊन आपटतो, म्हणून टिकटिक. मामांनी हे कधी उघडून दाखवलं नव्हतं. पण फट म्हणजे खोट, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी मागच्या खोलीतून निळा कागद आणला. एकेका फटीत धरला, स्क्रू आवळला, आणि सगळीकडे निळा ठिपका उठेपर्यंत आवळत राहिले. केसही आत जाऊ नये अशी इंजिनाची कवळी बसवली.

गाडी सुरू केली तर काय, लोण्यासारखी! टिकटिकीचा मागमूस नाही. सगळी गल्ली जमली. इस्त्रीवाल्यानंसुद्धा ओट्याची कड विसरून "वा!" म्हटलं. वहिनी चांगली साडी नेसल्या, त्यांनी कपाळाला हात लावून दोनदा कुंकू सरळ आहे का विचारलं, आणि पुढच्या सीटवर बसल्या. दोघं निघाली तेव्हा कवळीवाल्यांनी उगाचच हॉर्न वाजवला.

सपाटीवर गाडी सुरेख पळाली. घाट सुरू झाला, इंजिन तापलं, आणि तिच्यातलं बळ जायला लागलं. आधी दम लागल्यासारखी झाली, मग उचक्या द्यायला लागली, आणि अर्ध्या घाटात एका वळणावर उभी राहिली ती राहिलीच. कवळीवाले जे जे शिकले होते ते सगळं त्यांनी करून पाहिलं. प्लग पाहिले, पेट्रोल पाहिलं, तारा पाहिल्या. ज्याला स्वतःच्या हातानं आवळून बंद केलं होतं तेवढं सोडून सगळं पाहिलं.

तेवढ्यात एक ट्रक थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "काकू, पलीकडेच चाललोय. या दोघंही, पुढं बसायला जागा आहे. गाडी उद्या न्या ओढून."

वहिनी लगेच उठून उभ्या राहिल्या. "जाऊया ना हो. आता काय, घाट उतरला की ताईच."

कवळीवाले गाडीकडे बघत राहिले. उघडं बॉनेट, रस्त्यावर मांडलेले पाने, साफ पुसलेले प्लग. "हिला अशी उघडी टाकून? रस्त्यात? सगळं काढून नेतील गं," ते म्हणाले. "तू जा पुढं. मी गाडी घेऊन येतोच."

"मला ट्रकच्या पायऱ्या दिसत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "तिथं उतरल्यावर दारही दिसणार नाही. तुम्ही येत असाल तर जाते."

ड्रायव्हरनं थोडा वेळ वाट पाहिली आणि ट्रक गेला. वहिनी दगडावर बसल्या. तोंड दरीकडे होतं, पण बघत होत्या की नाही, कोण जाणे. फोन गेल्यावर मामा आपली गाडी आणि दोर घेऊन आले तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांनी इंजिनावरचं झाकण काढलं आणि एकेका हातोड्याखाली बोट घालून बघितलं.

"फट कुणी बंद केली?"

"वाजत होतं."

"अहो कवळीवाले, तापलं की लोखंड वाढतं. त्याला वाढायला ती जागा असते. तुम्ही जागाच ठेवली नाहीत, मग तापल्यावर व्हॉल्व्ह मिटणार कसे? जळाले सगळे." मग जरा नरमून म्हणाले, "तोंड गार असतं हो. इंजिन नसतं."

दोराला बांधून गाडी उलट्या दिशेनं घरी आली.

एवढ्या जुन्या गाडीचे व्हॉल्व्ह कुठं पटकन मिळत नव्हते. मामांनी ओळखीच्या भंगारवाल्यांना सांगून ठेवलं, आणि इंजिनाचं डोकं काढलेली गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात राहिली. भाच्याचा फोन पुन्हा आला. या वेळी कवळीवाले लगेच म्हणाले, "ये बाबा, ये. तुझ्याच गाडीतून नेऊ." पण मधल्या काळात वहिनींना चेहरे दिसेनासे झाले होते. समोर कुणीतरी आहे एवढंच कळायचं, आणि मग तेही कळेना. फोन त्यांनी हातातून घेतला. "नको रे येऊस," त्या म्हणाल्या. "ताईचा आवाज इथं फोनवर तेवढाच येतो. त्यासाठी घाट कशाला चढायचा?"

कवळीवाल्यांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा रडूनही पाहिलं म्हणतात. वहिनी चिडल्या नाहीत, कुणाला दोष दिला नाही, आणि हलल्याही नाहीत. रोज संध्याकाळी दोघी बहिणी फोनवर बोलतात. हे त्या वेळी बाहेर अंगणात जाऊन बसतात.

यथावकाश व्हॉल्व्ह मिळाले. मामांनी स्वतः बसवले आणि प्रत्येक फट मोजून ठेवली. गाडी आता पुन्हा अंगणात आहे. कवळीवाले रविवारी ती पुसतात, तेल बघतात, सुरू करतात, आणि इंजिन तापेपर्यंत शेजारी उभे राहून टिकटिक ऐकतात. मग बंद करतात. कुठं जात नाहीत. रविवारची शाळा त्यांनी सोडलीय. हवेच्या फिल्टरबद्दल विचारलं तर "बरा आहे" एवढंच सांगतात, त्यामुळे आता त्यांना बघून कुणी रस्ता ओलांडत नाही.

परवा अशीच गाडी सुरू होती. आमच्यातल्या कुणाची तरी जीभ वळवळलीच. "काय कवळीवाले! गाडीत आता काही खोट राहिली नाही म्हणतात मामा. मग काढा की बाहेर. कशाला ठेवलीय?"

त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "खोट तर फळीच्या टोकाला पडलेल्या त्या कवळीतही नाही."