मधला चौकोन

ऐंशीच्या दशकात मी शहराबाहेरच्या वाडी गावातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत टेलिफोनवर होते. कोणता ट्रक निघाला, कुठं माल अडला, हे गोदामवाले, बिलवाले, पगारवाले सगळे मलाच विचारत. एकालाही स्वतः उठून बघायला नको! मग मालकांनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं आणि मुंबईहून एक इंजिनीअर आला.

आम्हाला कळावं म्हणून त्यानं गोदामाच्या फरशीवर खडूनं चौकोन काढले. प्रत्येक खात्याचा एक आणि मधोमध मोठा. ज्याला त्याला आपापल्या चौकोनात उभं करून हातात माल बांधायच्या दोराचं टोक दिलं.

"मध्ये कॉम्प्युटर येईल. तोवर तुम्ही उभ्या राहा," तो मला म्हणाला. "नाहीतरी सगळं तुम्हालाच ठाऊक असतं."

मी पदर खोचून ऐटीत उभी राहिले. सगळ्या दोरांची दुसरी टोकं माझ्या मुठीत आली.

"आता आपसात बोलायचं नाही," इंजिनीअर सगळ्यांना म्हणाला. "जे विचारायचं ते मधल्याला."

गोदामवाला सवयीनं बिलवाल्याकडे वळला, तर इंजिनीअरनं त्याला हटकलं. मग कोणीच बोलेना. भर दुपारी अंधाऱ्या त्या गोदामात नुसते दोर ताणले जात होते.

हमालांचा म्हातारा मुकादम माझ्याजवळच्या चौकोनात होता. तो हळूच म्हणाला, "बाई, ते मशीन आलं का मंग तुमाले कोनता चौकोन हाये?"

मी फरशीभर नजर फिरवली. चौकोन सगळे भरलेले होते, आणि इंजिनीअर हातांवरचा खडू झटकत होता.