अक्काची किल्ली

माझ्या थोरल्या बहिणीवर, अक्कावर, अन्याय झाला तो १९९६च्या संक्रांतीला, सकाळी, पणदऱ्यात, आमच्याच दारात. आज थंडीत स्वेटरखाली वर्तमानपत्र कोंबताना शाईचा वास आला आणि सगळं आठवलं. अक्काही गार वारा लागू नये म्हणून असाच छातीला पेपर लावून हौसेनं मोटारसायकल फिरवायची. मी मागं तिच्या पाठीच्या उबेला बसायची. त्या सकाळी उसाच्या ट्रॉल्या मागं टाकत आम्ही घरी आलो, तर वडिलांनी किल्ली काढून घेतली.

"लोकं हसत्यात."

"आबा, लोकं तुमच्या टोपीला बी हसत्यात. काढताय का?"

किल्ली परत मिळाली नाही. तेव्हा मला तो वडिलांचा धाक वाटला. आज ती अक्काच्या हौसेची सरळ चोरी वाटते. तेव्हा मी गप्प बसले, आता बसणार नाही. तुमच्या खुंटीवरची किल्ली आजच लेकीच्या हातात द्या.