काकांच्या भिंतीवरचा काळा पेपर

वसंतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये धुतलेले कपडे घेऊन उभी होते. पलीकडून मालूकाकू म्हणाल्या, "सुमन, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढता काढता हार्ट अटॅक आला गं..." त्याला आता महिना उलटून गेला. काकांबद्दल लिहावं की नाही, हेच माझं ठरत नव्हतं. त्यांचा माझ्याबद्दल एक गैरसमज होता आणि तो मी शेवटपर्यंत दूर केला नाही.

काका माझ्या नात्यातले नव्हेत. मामाचे जुने मित्र, माझ्या कॉलेजजवळ शॉमबर्गला इंजिनिअर. आई-बाबा दूर अर्विंगला मामाच्या किराणा दुकानात राबतात. घरातली कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून मामाने काकांना माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा डायनिंग टेबलाजवळच्या भिंतीवर एक मोठी फ्रेम नुकतीच लागली होती. पश्चिम जर्मनीतल्या एका आजच्या चित्रकाराचं प्रिंट. वर्तमानपत्राची पानं एकावर एक छापत गेल्यासारखी, मजकूर इतका काळा झालेला की एक अक्षर लागत नव्हतं. खाली पेन्सिलीने सही आणि प्रतीचा क्रमांक. मोजक्या प्रती काढून छपाईची मूळ प्लेट बाद केली, हे काका पाहुण्यांना कौतुकाने सांगत होते.

"पुण्यात रद्दीवाला आपल्याला पैसे देतो," काकू आतून म्हणाल्या, "यांनी उलट रद्दीलाच पैसे दिले!"

सगळे हसले. काकाही हसले, पण मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला कसं वाटतं गं?"

"छान आहे, काका."

मोठ्या माणसांनी काही दाखवलं की छान म्हणायचं, एवढंच मला ठाऊक होतं. आमच्या घरी भिंतीवर कॅलेंडर असायचं... काकांचा चेहरा मात्र उजळला. तेव्हापासून दर रविवारी ते मला घ्यायला यायचे आणि जेवणं झाली की आम्ही दोघं त्या फ्रेमसमोर बसायचो. पुण्याहून त्यांचा पेपर बोटीने यायचा, दोन दोन महिने जुना. "बातमी केव्हाच निघून गेलेली असते, तरी मी वाचतो. हा माणूस तेच दाखवतोय, बघ," ते म्हणायचे. मी हो हो म्हणायचे. मनात केमिस्ट्रीची टेस्ट असायची. एकदोनदा खरं सांगावंसं वाटलं, पण इतक्या आनंदात बोलणाऱ्या माणसाला काय सांगणार...

दिवसकार्य झाल्यावर काकूंनी बोलावलं. प्रिंट चादरीत गुंडाळून दाराशी ठेवलं होतं. "ने हे. सुमनला दे, तिला एकटीलाच कळतं, असं म्हणायचे."

मला हात लावायचा धीर होईना. "काकू, मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी नुसती हो म्हणत होते."

"मग तासन् तास बसायचीस ती?"

"काका बोलायचे म्हणून."

त्यांनी प्रिंटवरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "अगं, मला वाटायचं तुम्हा दोघांना काहीतरी दिसतंय आणि मीच अडाणी. म्हणून आत भांडी आपटत राहायचे. मला काही कळत नाही, एवढं तू म्हणाली असतीस, तर मीही येऊन बसले असते गं."

माझ्या नुसत्या छान म्हणण्याने मी कुणाची जागा अडवली होती, हे मला तेव्हा कळलं.

आम्ही दोघींनी प्रिंट परत टांगलं. काकूंनी विचारलं, "काय सांगायचे ते? सांग ना." मी बोटीचं सांगितलं, प्लेटचं सांगितलं... पुढचं काही आठवेना. एवढे रविवार त्यांच्या शेजारी बसूनही मी ऐकलंच नव्हतं. काकू वाट बघत होत्या.

आता रविवारी मी बसने काकूंकडे जाते. आठवेल ते सांगते, आठवत नाही तिथे तसं म्हणते. परवा पानं वाढताना एकदम आठवलं. "काकू, खालच्या कोपऱ्यात घडीची रेघ आहे. काका म्हणायचे, म्हणजे कुणीतरी हा पेपर वाचून नीट ठेवलाय."

काकूंनी तव्याखालचा गॅस बंद केला, पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि काकांच्या खुर्चीवर बसल्या. "कुठे गं?" त्या म्हणाल्या, "दाखव."