रिजेक्शन फक्त सकाळच्या शिफ्टला

चांगला माल लाल पेटीत पडत होता, आणि तोही फक्त सकाळच्या शिफ्टला.

वाळूजच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या ब्रेकला लागणारे रबरी वॉशर बनतात. मी तिथली सिस्टीम इनचार्ज. प्रिंटरमध्ये कागद अडकला काय आणि सर्व्हर झोपला काय, बोंब माझ्याच नावानं होते. त्या दिवसांत माझ्यापुढे एकच प्रश्न होता: लाइनवरचे सगळे कॉम्प्युटर काढून नवीन पिढीच्या प्रोसेसरचे घ्यायचे की नाही. जुने दणकट होते, पण त्यांच्यावर नवीन ऑपरेटिंग सिस्टीम चढत नव्हती आणि जुनीचे सुरक्षा अपडेट बंद झाले होते. हेड ऑफिसला फक्त हो किंवा नाही ऐकायचं होतं. म्हणून ट्रायलला एक नवीन मशीन मागवून मी शेवटच्या लाइनवर बसवलं.

या लाइनवर तपासणी कॅमेरा करतो. पट्ट्यावरून वॉशर पुढे सरकतो, कॅमेरा फोटो काढतो, कॉम्प्युटर पास की नापास ते ठरवतो. नापास झाला की एक दांडी त्याला लाल पेटीत ढकलते. निकाल यायला उशीर झाला तरी दांडी ढकलतेच. ब्रेकचा माल आहे, शंकेला जागा ठेवता येत नाही.

ट्रायलच्या पहिल्या दिवशी प्लांट हेड बोर्डे साहेब स्वतः येऊन उभे राहिले. स्क्रीनवर कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरची खिडकी उघडी, निकाल पापणी लवायच्या आत. साहेब खूश झाले. मीही झाले, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवसापासून रिजेक्शन वाढलं. तेव्हा सकाळी त्या लाइनवर रुखसाना असायची. खुलताबादहून कंपनीच्या बसनं येते, घरात कमावणारी तेवढी एकच. ट्रेनी म्हणून लागली होती आणि त्याच महिन्यात तिला कायम करायचं ठरलं होतं. दुपारच्या शिफ्टला गजानन. तो पिशोरचा, इथं खोली करून राहतो. त्याच्या शिफ्टला लाल पेटी जवळपास रिकामी.

क्वालिटीवाल्यांनी लाल पेटीतला माल हातानं मोजून पाहिला, तर बहुतेक सगळा चांगला. मी लेन्स पुसली, लाइट तपासला, केबल बदलली. फरक पडला नाही. बोर्डे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचं गणित सरळ होतं. मशीन तेच, माल तोच, माणूस बदलला की रिजेक्शन बदलतं. रुखसानाला कायम करायचा कागद त्यांनी थांबवून ठेवला होता, तो त्यांच्या समोरच पडला होता.

मला राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टूल घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसले.

ती घाबरली. "मॅडम, मी कॅमेऱ्याला हात पण नाय लावला. अम्मीची कसम."

मी म्हटलं, तू रोज करतेस तसंच कर, मी इथं आहे असं समजूच नकोस. तिनं शिफ्ट सुरू केली. कॅमेऱ्याची खिडकी खाली मिनिमाइझ केली आणि उत्पादनाच्या एन्ट्रीची खिडकी समोर घेतली. किती माल झाला, मशीन कशामुळे थांबलं, हे तिथं दर तासाला भरायचं असतं. तसा बोर्डच लावलाय आम्ही. ती खिडकी समोर ठेवली की तास चुकत नाही, असं तिचं म्हणणं. बघता बघता दांडी चांगले वॉशर ढकलायला लागली. मी कॅमेऱ्याची खिडकी वर घेतली. दांडी शांत. परत खाली केली, परत सुरू.

तिथंच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, आणि त्याच्यात काम करणारे भाग म्हणजे कोअर. जुन्या प्रोसेसरचे सगळे कोअर सारखे होते. या नवीन पिढीत दोन प्रकार आहेत: काही मोठे आणि वेगवान, काही लहान आणि वीज वाचवणारे. आपल्या वर्कशॉपमध्ये फिटर आणि हेल्पर असतात तसं. काम वाटून देते ऑपरेटिंग सिस्टीम. स्क्रीनवर जे समोर आहे ते फिटरकडे, मिनिमाइझ केलेलं हेल्परकडे. आमच्या कॅमेऱ्याचं जुनं सॉफ्टवेअर हेल्परला झेपत नव्हतं. निकाल उशिरा येत होते.

मग गजाननच्या शिफ्टला का नाही? दुपारी तो आल्यावर विचारलं.

"दर तासाला कोण भरतंय मॅडम? सुट्टी व्हायच्या आधी बसायचं अन् समदं एकदम टाकायचं. लई वेळ वाचतो."

म्हणजे त्याची कॅमेऱ्याची खिडकी जवळपास शिफ्टभर समोरच. जो नियम पाळत नव्हता त्याचं रेकॉर्ड स्वच्छ, आणि जी पाळत होती तिची नोकरी लटकलेली.

बोर्डे साहेबांना मी सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग सोपं आहे. तिला सांगा, गजाननसारखं शेवटी भर."

"साहेब, बोर्ड आपण लावला. तो वाचून काम करणारी ही एकटी. आता तिलाच सांगायचं की वाचू नकोस?"

 साहेबांनी विचारलं, मग घ्यायची का नवीन मशीन? मी म्हटलं घ्यायची, पण आधी सेटिंग बदलून ट्रायल पुन्हा घेऊ. आणि ती रुखसानाच्या शिफ्टलाच घेऊ.

कॅमेऱ्याचं काम कायम मोठ्या कोअरकडेच जाईल, खिडकी वर असो की खाली, असं मी सेटिंगमध्ये बांधून टाकलं. आठवडाभर ती तिच्या पद्धतीनं काम करत राहिली. लाल पेटीत खराब मालच पडला. मी हेड ऑफिसला हो कळवलं, खाली या सेटिंगची अट टाकून. रुखसानाच्या कागदावर साहेबांनी माझ्यासमोर सही केली. मला फार बरं वाटलं.

तिला सांगायला गेले तेव्हा ती एन्ट्री भरत होती. डोळे भरून आले तिचे, पण आधी तिनं तो तास पुरा केला. मग हळूच विचारलं, "मॅडम, खिडकी आता कुठं ठेवू?"

"तुला पाहिजे तिथं ठेव."

एन्ट्री आता तासाच्या तासाला भरली नाही तर लॉक होते. तेही मीच केलं. गजानन तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही.

साहेबांसमोरच्या डेमोत खिडकी नेहमी समोरच उघडी असते, त्यामुळे डेमोवरून काही कळत नाही, एवढं मी यातून शिकले. आता कुठलंही नवीन मशीन ट्रायलला आलं की त्याचा स्पीड मी नंतर बघते. आधी विचारते, रुखसाना कोणत्या शिफ्टला आहे?