अबोली, मोगरा आणि सासूबाईंचा अंबाडा

आमच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत दोन कुंड्या आहेत. मोगरा माझा, अबोली सासूबाईंची, आजऱ्याहून आणलेली. दोघांचं एका गोष्टीत जमेल तर शपथ! मोगऱ्याला कडक ऊन हवं, अबोली उन्हात तोंड पाडते. मोगरा वासाने अख्खा जिना डोक्यावर घेतो आणि दुसऱ्या दिवशी पिवळा पडतो. अबोलीला वास औषधालाही नाही, पण वेणीत दोन-दोन दिवस ताजी.

सासरे गेले आणि सासूबाईंनी फुलं माळणं सोडलं. ज्या बाईचा अंबाडा मी कधी फुलांवाचून पाहिला नव्हता, ती दोन्ही कुंड्यांतली फुलं देवाला वाहायची आणि स्वतः नुसता पदर ओढून बसायची. मला संताप यायचा. एकदा तोंडावरच बोलले, "देवाला चालतात, मग तुम्हाला चालायला काय धाड भरलीय?"

"जग काय म्हनंल?"

जग! जगाने कधी आमच्या कुंडीत तांब्याभर पाणी घातलं नाही.

यंदा लेकीचा साखरपुडा ठरला. नातीच्या साखरपुड्यात आजीचा अंबाडा ओकाबोका, हे मला बघवणार नव्हतं. मी शक्कल लढवली. अबोलीची बारीक वेणी करून पुढे धरली.

"आई, हिला वास नाही. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

"वास न्हाय, पर रंग बोंबलतोय की! रस्त्यावरनं दिसंल."

वेणी देवाला गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली.

संध्याकाळी हॉलवर जायला रिक्षात बसलो. सासूबाई माझ्या शेजारी, डोक्यावरून पदर घट्ट. सिग्नलला रिक्षा थांबली आणि मोगऱ्याचा वास आला. बाहेर बघितलं, फुलवाली कुठे नव्हती. मग पदराच्या कडेला पांढरं काहीतरी दिसलं. दुपारी मिटलेल्या कळ्या खोवल्या असणार. मोगरा दिवेलागणीला उमलतो हे जन्मभर मोगरा माळलेल्या बाईला ठाऊक नव्हतं, असं कोण म्हणेल?

मी काही दिसलंच नाही असं दाखवत बाहेर बघत राहिले. शेवटी त्यांनीच कोपर मारलं.

"वास येतोय व्हय गं?"

"येतोय की. हॉलभर जाईल."

आता काढून टाकतात की काय, म्हणून माझा जीव टांगणीला. हॉल आला. उतरता उतरता त्यांनी पदर खांद्यावर घेतला.

"जाऊ दे की," म्हणाल्या, आणि माझ्या पुढे पायऱ्या चढल्या.